आंब्याला पार

चौकातला आंबा मी मारला. कंपनीच्या फायलीत तो खोडकिड्याने गेला अशी नोंद आहे. अण्णासाहेबांच्या मते तो कंपनीच्या आडमुठेपणाने गेला. कोंडीराम काका त्याच किड्याला भिरूड म्हणतात; त्यांना विचाराल तर म्हणतील, भिरूड लागला, त्याचं आयुष्यच तेवढं. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. त्यातल्या दोन मीच पसरवल्या आणि तिसरी पसरताना गप्प बसलो.

मी ज्ञानदेव, दापोडीचा. वडील वर्कशॉपमध्ये फिटर, आम्ही पाच भावंडं, रुळाला लागून दोन खोल्या. माझं अक्षर चांगलं होतं आणि रेघ सरळ यायची. एवढ्या भांडवलावर ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि त्र्याहत्तर साली पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागलो. साहेबांना सगळे अण्णासाहेब म्हणत. परदेशात शिकून आले होते, पण बोलायचे ते मातीबद्दल. "इमारत जमिनीवर ठेवायची नसते, ती जमिनीतून उगवायला हवी," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. ऑफिसातले बाकीचे पाठीमागे त्यांची नक्कल करायचे. मी करत नसे. मला ते खरंच वाटायचं.

भोसरीच्या पुढे, मोशीच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला तेव्हा एका कंपनीचा कारखाना उभा राहत होता. शेड इंजिनिअरांनी केल्या होत्या, कामगारांचं कँटीन तेवढं अण्णासाहेबांकडे आलं. जागा पाहून ते हरखलेच. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत हळूहळू उतरत गेलेलं माळरान, मध्ये वर आलेला काळा खडक, आणि उताराला खाली एक जुना रायवळ आंबा. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. भिंती त्याच खडकाच्या दगडाच्या, छप्पर उताराच्या कलाने उतरत गेलेलं, आणि सगळी इमारत आंब्याभोवती, मधल्या चौकात झाड, म्हणजे जेवायला बसलेल्या कामगाराला कुठूनही झाड दिसेल. आमच्या पट्ट्यात कारखाना बांधायचा म्हणजे आधी बुलडोझर फिरवायचा आणि सगळं सपाट झालं की फाटकाशी दोन अशोक लावायचे, अशी रीत होती. त्यामुळे कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे खूळ वाटलं. पण मालकांना आवडलं, आणि मालकांना आवडलं की बाकीच्यांना आवडायला फार वेळ लागत नाही.

मोजणीला मला पाठवलं. महिनाभर उन्हात जमिनीच्या लेव्हल घेत होतो. आंब्याच्या पलीकडे कोंडीराम काकांचं घर होतं. जमीनही त्यांचीच, म्हणजे संपादनाची नोटीस येईपर्यंत त्यांची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, चिमाबाईंनी, मला भाकरी खायला हाक मारली. दापोडीचा म्हटल्यावर आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या जरा थांबल्या, काकांकडे पाहिलं, आणि मग घरातल्याच पितळीत पिठलं-भाकरी वाढून माझ्यापुढे ठेवली. खेड्यात तेव्हा हे सोपं नव्हतं. गावातल्या चार जणी त्यावरून त्यांना बोलल्या, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणू लागलो.

आंब्याचं नाव शेंदऱ्या. रायवळ झाडांना अशी नावं असतात, ह्याचं फळ देठाकडून शेंदरी व्हायचं. मावशींच्या दोन मुली त्याच्या मुळाशी होत्या. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. एक सव्वा महिन्याची, दुसरी चार महिन्यांची, आणि त्यानंतर मूल झालं नाही. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना आंबा दिल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडात घालत नाही. मावशी त्या दिवशी पाडाचे दोन आंबे बुंध्याशी ठेवायच्या. पितरांत पोरी धरतात का, असं मी एकदा बावळटासारखं विचारलं.

"आमी धरतो," त्या म्हणाल्या.

पैसे सरकारकडे जमा झाले होते, शेत गेलंच होतं, पण आंब्याचा तेवढा तुकडा सोडायला काका तयार नव्हते. अधिकारी पोलिसांची भाषा बोलायला लागले. अण्णासाहेबांनी मला सांगितलं, "तुझी ओळख आहे, तू बोल. आपण झाड पाडणार नाही आहोत, त्यांना पटवून दे." मी गेलो. आंबा राहील, मावशींना पाहिजे तेव्हा आत येता येईल, साहेबांचा शब्द आहे, असं सांगितलं.

"सायबाचा नगं, तुजा दे," काका म्हणाले. "सायेब उद्या दिसायचा न्हाई. तू दापोडीचा हायेस, सापडशील."

मी शब्द दिला. तेविसाव्या वर्षी शब्द द्यायला काही लागत नाही. काकांनी ताबा सोडला, मोशीत दोन खोल्या घेतल्या आणि चाकणच्या कांदा मार्केटात हमालीला जायला लागले. ज्या जमिनीवर नांगर धरला तिथे फाटकावर नाव सांगून आत जाणार नाही, असं म्हणाले, आणि पुन्हा खरंच कधी गेले नाहीत. मावशींना मात्र कंपनीने कँटीनमध्ये चपात्या लाटायला घेतलं. त्यांची अट एकच होती, काम चौकाच्या बाजूला पाहिजे.

आता नकाशाचं सांगतो, कारण सगळं तिथे घडलं. आंबा खोलगटात होता. इमारतीचं जोतं त्याच्या बुंध्यापेक्षा साडेतीन फूट उंच येत होतं. अण्णासाहेबांच्या पहिल्या आराखड्यात म्हणूनच चौक पायऱ्या-पायऱ्यांनी झाडाकडे उतरत होता. फार सुंदर होता तो आराखडा. पण बांधकाम निम्म्यावर आल्यावर कंपनीने हट्ट धरला की चौक हॉलच्या लेव्हललाच हवा, तिथे समारंभ होतील, खुर्च्या मांडायच्या आहेत. अण्णासाहेब दोन आठवडे भांडले आणि शेवटी एका अटीवर कबूल झाले. मुंबईला निघता निघता मला म्हणाले, "ज्ञानदेव, भराव घालू दे, पण बुंध्याभोवती आळं मोकळं ठेव. बारा फुटांचं, खाली मूळ जमिनीपर्यंत, काठाला दगड. सोमवारी आलो की सही करतो."

मी ट्रेसिंगवरच्या पायऱ्या ब्लेडने खरवडून काढल्या आणि आळं काढायला बसलो. काढता काढता मनात आलं, साडेतीन फुटांचा खड्डा, त्यात पाणी साचणार, पत्रावळी पडणार, आणि मावशींनी बसायचं कुठे? आमच्याकडे मोठ्या झाडाला काय असतं? पार असतो. गावोगाव असतो. दगडाचं गोल जोतं, आत माती भरलेली, वर माणसं टेकतात, बायका गाठोडी ठेवतात. मला वाटलं, साहेब परदेशात शिकले, त्यांना पार सुचला नाही, मला सुचला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना पाहूनच म्हणत असावेत. मी आळं गाळलं, चौकातला भराव बुंध्यापर्यंत नेला आणि त्यावर दीड फुटांचा पार काढला. पार वड-पिंपळाला असतो आणि त्यांना तो सोसतो. आंब्याला मी कुठे पार पाहिला नव्हता, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही.

वरून काढलेल्या नकाशात आळं आणि पार सारखंच दिसतं, दोन वर्तुळं. फरक उभ्या छेदात कळतो, आणि छेदाची शीट गठ्ठ्यात खाली होती. सोमवारी अण्णासाहेबांनी अठरा शीटवर सह्या केल्या.

उन्हाळ्यात भराव पडला, पार बांधून झाला. दगड नीट घडवून घेतले होते मी, मुकादमाच्या डोक्यावर उभं राहून. मावशी पहिल्यांदा चौकात आल्या तेव्हा मी मुद्दाम तिथे होतो. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग पाराकडे, मग पुन्हा झाडाकडे.

"आंब्याला पार?" त्या म्हणाल्या.

"तुमच्यासाठीच काढलाय, मावशी. बसा की."

त्या बसल्या. हाताने दगड चाचपला. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिल्या, आणि मी मनातल्या मनात फुगलो.

उद्घाटनाला आठ दिवस उरले तेव्हा अण्णासाहेब आले. चौकाच्या दारातच थांबले. "हे काय? आळं कुठंय?" त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला. "बुंधा पाच फूट गाडलाय, ज्ञानदेव. आंब्याची मुळं गुदमरतील. हे कुणी सांगितलं?"

त्या क्षणी खरं बोललो असतो तर चार गडी लावून दोन दिवसांत माती निघाली असती. नोकरी गेली असती की नसती, ते आजही मला सांगता येत नाही. मी म्हणालो, "कंपनीनं करून घेतलं, साहेब. मी नको म्हणत होतो."

अण्णासाहेब कंपनीवर इतके चिडलेले होते की त्यांना ते लगेच पटलं. मंत्री येणार, मांडव पडलेला, आता खोदायला कोण देणार? "उद्घाटन झालं की बघू," ते म्हणाले. उद्घाटन झालं. त्यानंतर बिलावरून त्यांचं आणि कंपनीचं बिनसलं आणि ते तिकडे फिरकेनासे झाले. मी दर महिन्याला ठरवायचो, ह्या महिन्यात सांगू. सांगितलं नाही. भित्रेपणा एकदा पचला की रोजच्या जेवणासारखा होतो.

पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली. मी कँटीनच्या किरकोळ कामांच्या निमित्ताने जायचो, मावशी चहा आणून द्यायच्या, आम्ही पारावर बसायचो. झाडाबद्दल त्या बोलत नसत आणि मीही विषय काढत नसे. बुंध्याची साल मातीशी काळी आणि मऊ पडली होती. मी एकदा बोट लावून पाहिलं आणि खाजकुयलीला हात लागल्यासारखा मागे घेतला.

सत्त्याहत्तरच्या माघात मात्र शेंदऱ्याला असा मोहोर आला की पान दिसेना. सगळे खूश. मॅनेजर म्हणाले, बघा, उगाच घाबरत होतात. इमारतीला कुठलंसं मोठं बक्षीस जाहीर झालं होतं, मुंबईहून फोटोग्राफर आला आणि त्याने मोहरलेल्या झाडाखाली जेवणाऱ्या कामगारांचे फोटो काढले. मासिकात ते छापून आले. खाली लिहिलं होतं की ह्या वास्तूत निसर्गाला मानाचं पान आहे. अण्णासाहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभा राहिलो.

मावशी त्या दिवशी पिठाच्या परातीपुढे रडत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "जानारं झाड आसंच देतंय, ज्ञानदेवा. समदं एकदाच."

त्या आखितीला त्यांनी बुंध्याशी दोन आंबे ठेवले, तेच शेवटचे. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात झाडावर पान उरलं नाही. कंपनीने अहवाल मागितला. सालीत भोकं होतीच, मेलेल्या लाकडाला कीड लागतेच. मी लिहिलं, खोडकिडा. मग हुकूम आला, झाड तोडा, बुंधा मुळासकट उपटा, तिथे कारंजं करायचंय.

तो कागद घेऊन मी मावशींकडे गेलो. आता सांगायलाच हवं होतं. दुपारची पाळी जेवून गेली होती, चौकात कोणी नव्हतं. पारावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. आळं, पार, अठरा सह्या, साहेबांना मारलेली थाप. सांगताना मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

मावशी म्हणाल्या, "मला पैल्याच दिशी कळलं व्हतं."

त्यांनी वाळलेल्या बुंध्याकडे बोट केलं.

"आंब्याला माती चढवली की जातंय, ह्ये शेतकऱ्याच्या बाईला शिकवाया लागत न्हाई. मी बोलनारच व्हते. पर तू म्हनलास, तुमच्यासाठी काढलाय." त्यांनी दगडावरून हात फिरवला. "जलमात कुनी माझ्यासाठी बसाया जागा केली न्हवती रं. लगीन झाल्यापास्नं मी खालीच बसले. वाटलं, आता ह्यो मोडाया लावला तर पोराला काय वाटंल. वाटलं, झाड थोरलं हाय, सोसंल. माज्या पोरी खाली, आन् मी वर बसले."

त्या उठल्या, पदर खोचला.

"एक कर. ह्यांना सांगू नगंस. तुला ते काय बोलायचे न्हाईत. पर मला इचारतील, तुला दिसत व्हतं तर तू का गप बसलीस. त्याला माज्याकडं उत्तर न्हाई. भिरूड म्हनून मी सांगितलंय त्येंना."

मी कबूल झालो. हा दुसरा शब्द, आणि हा मी पाळला आहे.

बुंधा मात्र उपटू दिला नाही. कंपनीला लिहून दिलं की मुळं काढली तर जोत्याला तडे जातील. ही चौथी थाप, पण निदान कामाची. झाड पाराच्या बरोबरीने कापलं, खालचं सगळं जागच्या जागी राहिलं. कारंजं दुसरीकडे झालं. मावशींनी महिन्याभरात काम सोडलं.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात कंपनीला वाढीव जागा हवी झाली. ओढ्यापलीकडची जमीन धोंडीबांची, म्हणजे मावशींच्या सख्ख्या भावाची. त्यांच्या शेतात एक विहीर आहे, तिच्यावर दहा-बारा घरं पाणी भरतात. ती बुजणार नसेल तरच संमती देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बिलाचा वाद एव्हाना मिटला होता, नवीन कामाचा आराखडा अण्णासाहेबांकडेच होता, आणि त्यात विहीर राखलेली होती, तिच्याभोवती मोकळं अंगण आणि दगडी काठ. मी आता ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन. साहेब म्हणाले, तुझी ओळख आहे, तू जा.

मोशीच्या त्या दोन खोल्यांत आम्ही चौघे बसलो होतो. काका बरेच थकलेले, पाठीत वाकलेले. मावशी चुलीपुढे होत्या. मी नकाशा पसरला, विहीर दाखवली. धोंडीबांना नकाशा वाचता येत नव्हता, ते त्यातल्या दोन वर्तुळांकडे संशयाने पाहत होते.

"कागद बघत बसू नगंस, धोंडीबा," काका म्हणाले. "ह्या पोरानं मला शबूद दिला व्हता, आंबा ऱ्हाईल म्हनून. भिरडानं खाल्ला, त्याला कोन काय करनार? पर मेल्यावरबी मुळं हालू दिली न्हाईत त्यानं. माज्या पोरी हाईत तितंच हाईत. ह्यो शबूद देत आसंल तर डोळं झाकून कर सही."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मान वर केली नाही.

"काका, माझ्या शब्दावर जाऊ नका," मी म्हणालो. "माझ्या हातात नकाशा असतो, आणि त्यातही मी कधी कधी चुकतो. विहिरीचं कंपनीकडून लेखी घ्या. साहेबांनाही इथं आणून उभं करा. माझ्या भरवशावर नको."

काका हसले. हसताना त्यांना ठसका लागला, मावशींनी उठून पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बघ," ते धोंडीबांना म्हणाले. "लबाड आसता तर छातीवर हात मारून सांगितलं आसतं. खऱ्या मानसाचं बोलनं आसं आसतंय."

मावशी तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. धोंडीबांनी मान डोलावली, संमतीपत्र पुढे ओढलं आणि पेन आहे का विचारलं. माझ्या खिशाला होतं. मी काढून दिलं.